इशाऱ्याची तार कोण तोडतो?

जमिनीखाली शेकडो फूट खोल, जिथे सूर्याचा किरण कधी पोहोचला नाही आणि जिथली हवासुद्धा पंख्याने ढकलल्यावाचून हलत नाही, तिथे पाळीपाळीने उतरणाऱ्या माणसाचा जीव कोणाच्या हाती आहे असे विचारले, तर कोणी देवाचे नाव घेतो, कोणी नशिबाचे, आणि फार तर कोणी छताला दिलेल्या टेकूंचे. आम्ही सांगतो की तो जीव एका तारेच्या हाती आहे. हवेतला विषारी आणि स्फोटक वायू मोजणाऱ्या संवेदकापासून यंत्रांची वीज तोडणाऱ्या स्विचपर्यंत गेलेली ही तार शाबूत असेल, तर माणूस पाळी संपवून घरी येतो. ती कोणी तोडली, वळवली किंवा मुळात जोडलीच नाही, तर तो येत नाही. हा हिशेब इतका सरळ असताना, संवेदक कोठे लावला होता, तो शेवटचा कधी तपासला होता आणि त्याचे तोंड कोणी बंद केले होते हे तीन प्रश्न विचारण्याऐवजी मृतांच्या कपाळावरची रेघ वाचत बसण्याची रूढी आपल्या देशात मुरली आहे. ती मोडलीच पाहिजे.

ज्या महाराष्ट्रात आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून विवेकाच्या कसोटीला न उतरणारी प्रत्येक रूढी नाकारण्याचा आग्रह धरला, आणि ज्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून १८९० मध्ये आठवड्याची एक हक्काची सुट्टी पदरात पाडून घेतली, त्या महाराष्ट्राला दैववादाचे हे नवे रूप ओळखता येऊ नये ही शरमेची गोष्ट आहे. देवी कोपली म्हणून पटकी आली असे म्हणणाऱ्यांना आपल्या पूर्वजांनी अज्ञानी ठरवले. वायू पेटला म्हणून माणसे मेली, त्याला कोण काय करणार, असे म्हणणारे त्यांच्याहून अधिक दोषी आहेत, कारण पटकीचा जंतू त्या भाविकांना दिसत नव्हता आणि वायूचा आकडा यांना पडद्यावर दिसतो. अज्ञान क्षम्य असेल. हे अज्ञान नाही.

शास्त्र काय सांगते ते आधी पाहू. कोळशाच्या थरात युगानुयुगे कोंडलेला मिथेन थर फोडताच मोकळा होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो हलका असल्यामुळे छताशी, कोपऱ्यांत आणि जिथे वारा पोहोचत नाही अशा पोकळ्यांत तो साचतो. हवेत त्याचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आले की एका ठिणगीची उणीव उरते, आणि ती ठिणगी कोणत्याही सैल जोडातून, उघड्या पडलेल्या तारेतून किंवा झिजलेल्या स्विचमधून मिळू शकते. तो भडकला की खाणीच्या तळाशी आणि भिंतींवर साचलेली कोळशाची भुकटी उधळते, तीही पेटते, आणि मग आग बोगद्यामागून बोगदे गिळत धावते. म्हणूनच आपल्या नियमांनी मर्यादा पाच टक्क्यांवर ठेवलेली नाही. सर्वसाधारण हवेत ज्वलनशील वायूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेले की वीज तत्काळ तोडलीच पाहिजे, असे आपला नियम सांगतो. सव्वा ते पाच यांच्यामधले अंतर स्फोटांच्या आणि चौकशांच्या पिढ्यांनी मिळून आखून दिले आहे. ते अंतर म्हणजे कामगाराचे आयुष्य आहे. त्यावर हात टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वायूच्या खाणीत उतरणारे प्रत्येक विद्युत उपकरण ज्वालारोधक पेटीत असावे लागते. खाणीत त्याला एफएलपी म्हणतात. ही पेटी वायूला आत शिरण्यापासून अडवते असा अनेकांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. वायू पेटीत शिरू शकतो, आतल्या ठिणगीने पेटूही शकतो; पण पेटी तो स्फोट सोसते, आणि झाकण व कडा यांच्यामधल्या मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीतून बाहेर येता येता ज्वाला इतकी निवते की बाहेरचा वायू पेटत नाही. सारे शहाणपण त्या फटीत आहे. झाकणाचा एक बोल्ट घाईत लावायचा राहिला, कडेवर गंज चढला, छिन्नीचा एक ओरखडा पडला, न वापरलेले केबलचे तोंड बुजवायचे राहून गेले, किंवा केबल पेटीत शिरते तिथे चुकीच्या मापाची ग्लँड बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळली, की ती पेटी केवळ लोखंडाचा डबा होते. बाहेरून ती पूर्वीसारखीच दिसते. तिच्यावर ठोकलेली मान्यतेची पट्टीही जागच्या जागी असते. तिच्या भरवशावर मात्र आता एकही माणूस उभा राहू नये.

आणि येथेच पहिले ढोंग सुरू होते. धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत नमुना तपासला जातो, खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता मिळते, प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर जाते, आणि व्यवस्थापन छाती पुढे काढून म्हणते की आमची सर्व उपकरणे प्रमाणित आहेत. प्रमाणपत्र कशाचे? कोरड्या, उजळ प्रयोगशाळेत, जाणकारांच्या हातांनी जुळवलेल्या नमुन्याचे. खाणीतली पेटी उतारावरून दोराने ओढत खाली नेलेली असते, चिखलपाण्यात ठेवलेली असते, टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात एखाद्या थकल्या माणसाने वर्षातून कित्येकदा उघडून मिटलेली असते. कारखान्यातून निघताना उपकरण सुरक्षित होते याला महत्त्व आहेच, पण जीव वाचतो तो जागेवर झालेल्या जोडणीने आणि पाळीगणिक घेतलेल्या निगेने; आणि जोडणी व निगा या दोन गोष्टींना प्रमाणपत्राची पट्टी नसते, उद्घाटनाची फीत नसते, अहवालात छायाचित्र नसते, म्हणून त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. यंत्र विकत घेणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

संवेदकांची कथा तर अधिक संतापजनक आहे. मिथेन छताशी साचतो हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. मग संवेदक हाताला सोयीचा म्हणून कमरेच्या उंचीवर लटकवला तर तो कोणाचे रक्षण करणार? वायू परतीच्या वाऱ्यात मिसळून येतो. मग संवेदक ताज्या हवेच्या प्रवाहात, पंख्याच्या जवळ लावला तर तो शून्याखेरीज काय दाखवणार? या संवेदकातला उत्प्रेरकाचा मणी धुळीने माखतो, ओलाव्याने बिघडतो, सिलिकोनयुक्त वंगणाच्या वाफांनी निकामी होतो, आणि निकामी झालेला मणी वायूच्या ढगातही शांतपणे शून्य दाखवत राहतो. म्हणूनच ठरावीक मुदतीने, ज्ञात प्रमाणाचा वायू त्याच्यावर सोडून, तो खरे बोलतो की नाही हे पाहावे लागते. ही तपासणी काही मिनिटांची. तिला लागते एक वायूची नळी, एक शिकलेला माणूस, आणि ती करण्याची इच्छा. ज्या खाणीत तपासणीच्या वहीत तारखा भरल्या जातात आणि नळीचे सील महिनोन्‌महिने फोडलेले नसते, त्या खाणीत संवेदक नाहीत असेच समजावे. किंबहुना संवेदक नसलेला बरा. निदान माणूस सावध तरी राहतो.

केबलकडे वळा. कोळसा तोडणाऱ्या आणि भरणाऱ्या यंत्रामागे फरफटत जाणारी ट्रेलिंग केबल दगडांवर घासते, यंत्राच्या चाकाखाली येते, छतातून सुटलेल्या ढेकळाखाली चेंगरते. तिच्यात बिघाड होणार हे गृहीत धरूनच अभियंत्यांनी तिच्याभोवती संरक्षणाची साखळी उभी केली: भूमिगत खाणीत ११०० व्होल्टपर्यंतच्या यंत्रणेत जमिनीकडे झिरपणारा दोषप्रवाह ७५० मिलिअँपिअरपेक्षा वाढू नये अशी बांधणी, तो झिरपताच वीज तोडणारा अर्थ लीकेज रिले, आणि अर्थिंगची तार तुटली की यंत्र सुरूच होऊ न देणारा पायलट परिपथ. ही साखळी टिकली तर जखमी केबल यंत्र थांबवते. पण थांबलेले यंत्र म्हणजे बुडालेले टन. म्हणून रिलेला लाकडाची पाचर लागते, पायलटला वळसा घालणारा जम्पर बसतो, आणि फाटलेल्या केबलला वर नेऊन नीट सांधण्याऐवजी जागेवरच पट्टी गुंडाळून पाळी पुढे रेटली जाते. ज्याने हे केले त्याचे वरिष्ठ त्याला कामसू म्हणतात. त्या संध्याकाळी काहीच घडत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग हीच त्या खाणीची रीत होऊन बसते. मृत्यू असाच पायंडा पाडून येतो.

आता कोणी म्हणेल, दोष त्या वीजतंत्र्याचा. आम्ही ही पळवाट ठामपणे नाकारतो. कोळशाच्या तोंडाशी, ज्याला फेस म्हणतात तिथे, उभा असलेला तो वीजतंत्री ठेकेदाराचा माणूस असतो. ठेका सर्वांत कमी दराच्या निविदेला गेलेला असतो. त्या दरात शिकलेला माणूस, खरी ग्लँड, सुटा संवेदक आणि तपासणीचा वेळ यांपैकी एकही गोष्ट बसत नाही हे निविदा उघडणाऱ्याला, ती मंजूर करणाऱ्याला आणि ती भरणाऱ्याला तिघांनाही पक्के ठाऊक असते. यंत्र अर्धा तास बंद राहिले की वरून जाब विचारला जातो, आणि संवेदक पंधरा दिवस बंद राहिला तरी कोणी विचारत नाही. ज्याला उद्याच्या पाळीला बोलावतील की नाही याची शाश्वती नाही, त्याने साहेबाला नियमाचे कलम दाखवावे अशी अपेक्षा करणे हा निर्दयपणा आहे. जम्पर त्याच्या हाताने बसतो. आज्ञा मात्र त्याच्या हाताची नसते.

इतिहास उघडून पाहा. वेल्समधल्या सेंगेनिड्डच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी ४३९ कामगार मेले, आणि त्यांना काढायला उतरलेल्यांपैकी एक. त्याच खाणीत १९०१ मध्ये स्फोट होऊन ऐंशीहून अधिक माणसे आधीच गेली होती. हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल अशी व्यवस्था करण्याची सक्ती कायद्याने केली होती, मालकांनी मुदत वाढवून घेतली होती, आणि वाढवून मिळालेली मुदत संपली तरी काम झालेले नव्हते. स्फोटाचे एक संभाव्य कारण म्हणून चौकशीत पुढे आली ती खाणीतल्या इशाऱ्याच्या घंटेच्या उघड्या तारांतली ठिणगी. शिक्षा काय झाली? व्यवस्थापकाला २४ पौंड दंड, कंपनीला १० पौंड. व्यवस्थापकाच्या दंडाला मृतांच्या संख्येने भागले तर एका जिवाला एका शिलिंगाहून किंचित अधिक एवढी किंमत येते. त्या काळातल्या घंटेच्या ठिणग्यांचा अभ्यास करता करताच, ज्या परिपथातली ठिणगी वायू पेटवण्याइतकी शक्ती धारण करूच शकत नाही अशा अंगभूत सुरक्षित यंत्रणेचे शास्त्र जन्माला आले. आज आपल्या हाती तयार आलेले हे शास्त्र शेकडो घरांच्या राखेतून वेचलेले आहे. ते फुकट मिळाले असे समजून जो त्याची हेळसांड करतो, तो त्या मृतांचा दुसऱ्यांदा वध करतो.

शंभर वर्षांनी माणूस शहाणा झाला असेल असे वाटते काय? २०१० सालच्या ५ एप्रिलला अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रँच खाणीत २९ कामगार स्फोटात गेले. धोक्यांची एक वही निरीक्षकांसाठी आणि दुसरी घरच्यांसाठी अशा दोन वह्या तिथे ठेवल्या जात असल्याचे तपासात निघाले. कोळसा तोडणाऱ्या यंत्रावरचा मिथेनमापक स्फोटाच्या काही आठवडे आधी निकामी करवल्याचे खाणीच्या अधीक्षकानेच न्यायालयात कबूल केले. आणि कंपनीच्या प्रमुखाला झाली ती एका वर्षाची कैद. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत आणखी २९ माणसे गेली आणि त्यांचे देहही कधी बाहेर काढता आले नाहीत. तिथला मुख्य पंखा वायूच्या खाणीत भूमिगत बसवला होता आणि त्याची मोटर ज्वालारोधक नव्हती. स्फोटापूर्वीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणाला पोहोचल्याच्या २१ नोंदी झाल्या होत्या आणि त्याहून कमी पण धोकादायक प्रमाणाच्या आणखी २७. म्हणजे सरासरीने रोज एक नोंद! २५ नोव्हेंबर २०२१ रोजी सायबेरियातल्या लिस्तव्याझनाया खाणीत ५१ जण मेले, त्यांत वाचवायला उतरलेलेही होते. तेथेही वायूच्या संवेदकांशी छेडछाड केल्याचे आरोप तपासात आले. देश निराळे, भाषा निराळ्या, राज्यपद्धती निराळ्या. गुन्हा एकच.

आणि आपण? १९५८ मध्ये चिनाकुरीच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन पावणेदोनशेच्या घरात माणसे गेली. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडातल्या धोरीच्या खाणीत कोळशाच्या भुकटीने २६८ जणांना जाळले. १९७५ च्या २७ डिसेंबरला चासनाळ्याच्या खाणीत पाणी शिरून ३७५ जण बुडाले, आणि त्याच्या महिनाभर आधी आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लेवाड्याच्या खाणीतही पाण्याने बळी घेतले होते, ज्याची आठवण आज नागपुरातही क्वचितच कोणी काढतो. २००६ मध्ये भाटडीहच्या खाणीत स्फोटात पन्नास, ६ मे २०१० रोजी चिरमिरीच्या अंजन हिल खाणीत चौदा. प्रत्येक वेळी चौकशी बसली, प्रत्येक वेळी शिफारशी झाल्या, प्रत्येक वेळी त्या छापून आल्या. चासनाळ्याच्या खटल्याचा निकाल लागायला २०१२ साल उजाडले. छत्तीसहून अधिक वर्षांनी दोघा निवृत्त अधिकाऱ्यांना एकेक वर्षाची शिक्षा सुनावली गेली, आणि तोपर्यंत मृतांची मुले म्हातारी होत आली होती. १९५२ च्या खाण कायद्यात नियमभंगामुळे जीव गेला तर जास्तीत जास्त दोन वर्षे कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. २०२० च्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने दंडाची किमान रक्कम पाच लाखांवर नेली हे खरे. पण कैदेची कमाल मुदत दोनच वर्षे ठेवली, आणि कैद किंवा दंड हा पर्यायही जिवंत ठेवला. ज्याची वार्षिक उलाढाल शेकडो कोटींची आहे त्याला पाच लाखांचा धाक कसला? पाच लाखांत चार चांगले संवेदकही नीट बसवून, जोडून, वर्षभर राखता येत नसतील, तर दंड भरणे हाच त्याला स्वस्त मार्ग वाटेल. कायद्यानेच हा बाजार मांडून दिला आहे.

दरवर्षी खाणीखाणींतून सुरक्षा सप्ताह साजरा होतो. मंडप पडतो, फलक लागतात, शपथ घेतली जाते, बक्षिसे वाटली जातात. सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेला यंत्रांना हार घातले जातात, कुंकू लावले जाते. श्रद्धेला आमचा विरोध नाही, आणि जागृतीच्या कार्यक्रमांनाही नाही. पण ज्या यंत्राला आज हार घातला त्याचा रिले उद्या पाचर मारून गप्प करायचा, ज्या मंचावरून ‘सुरक्षा प्रथम’ अशी गर्जना केली त्याच मंचावरच्या माणसाने संध्याकाळी उत्पादन का घटले म्हणून संतापून विचारायचे, आणि ज्या कामगाराच्या हातात शपथेचा कागद दिला त्याला पायलटचा जम्पर काढण्याचा अधिकार मात्र द्यायचा नाही, हा दांभिकपणा आहे. यंत्राची पूजा त्याच्या निगेत आहे. बाकी सारा देखावा.

हा प्रश्न आजच ऐरणीवर येण्याचे कारण आहे. आपल्या देशाचा बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून निघतो. पण वरचे थर संपत चालले आहेत, जंगल आणि शेती उकरण्याला विरोध वाढतो आहे, आणि म्हणून भूमिगत खाणींतून २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळसा काढण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. २०२० पासून कोळशाच्या व्यापारी खाणकामासाठी लिलाव सुरू झाले असून खाणकामात नवे मालक उतरत आहेत. हाताने भरणी करणाऱ्या खाणीत आता कोळसा कातणारी अजस्र कंटिन्युअस मायनर यंत्रे जातील, त्यांच्यासाठी वाढीव दाबाची वीज जाईल, लांबलचक केबली आणि डझनावारी संवेदक जातील. खोल थरांत वायू अधिक, यंत्राचा वेग अधिक, आणि वेगाने तुटणाऱ्या कोळशातून वायू सुटण्याचा वेगही अधिक. ज्या व्यवस्थेला लहान यंत्राची केबल राखता येत नाही तिच्या हाती हे नवे सामर्थ्य देताना, जोडणी कोण करणार, तपासणार कोण आणि चुकले तर तुरुंगात कोण जाणार, हे आधी ठरलेच पाहिजे. टनांचे उद्दिष्ट ठरले, तारखा ठरल्या. जिवांचा आकडा मात्र कोणीच लिहिलेला नाही.

मराठी वाचकाने हा विषय झारखंडचा म्हणून पान उलटू नये. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. सावनेर, सिल्लेवाडा, दुर्गापूर रैयतवारी ही कोळसा खाणींची ठिकाणे आपल्या नकाशावर आहेत. मॉइल कंपनीच्या चिखला, कांद्री आणि गुमगावच्या मँगनीज खाणींतही माणसे भुयारात उतरतात, आणि तिथे मिथेन नसला तरी ओल्या जमिनीवर उघडी पडलेली केबल माणूस ओळखत नाही. आपल्याच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्रीचे प्रमाणपत्र घेऊन निघालेली विदर्भातली पोरे या खाणींत कामाला लागतात. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची चाके कोळशावर फिरतात आणि मुंबई-पुण्याच्या घराघरांत दिवा लागतो. त्या दिव्याखाली बसून जो सुसंस्कृत माणूस वीजदरवाढीवर तावातावाने बोलतो, त्याने वीज निर्माण करणाऱ्याच्या सुरक्षिततेवर आयुष्यात किती वेळा तोंड उघडले? आपल्या विधिमंडळात, आपल्या साहित्य संमेलनांत, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या पदवीदान समारंभांत हा विषय किती वेळा आला? जो लाभ घेतो आणि गप्प बसतो, तो या पापात वाटेकरी आहे. यातून कोणी सुटत नाही.

म्हणून आम्ही नुसता आक्रोश करून थांबणार नाही. आम्ही मागण्या मांडतो आणि त्यांची तड लागेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडणार नाही. भूमिगत खाणीतल्या विद्युत व मापन यंत्रणेची जोडणी आणि देखभाल सर्वांत कमी दराच्या निविदेतून कायमची बाहेर काढा. ज्याच्याकडे खाणीसाठी वैध प्रमाणपत्राचे पर्यवेक्षक आणि शिकलेले वीजतंत्री नाहीत त्याला खाणीच्या दारात उभे करू नका. जोडणी पूर्ण झाल्यावर, वीज सोडण्यापूर्वी, मालकाशी हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञाने प्रत्येक पेटीची फट, प्रत्येक ग्लँड, प्रत्येक संवेदकाची जागा आणि प्रत्येक रिलेची कृती जागेवर तपासून सही करावी, आणि त्या सहीसाठी तो न्यायालयात जबाबदार राहावा. प्रत्येक संवेदक शेवटचा कधी तपासला याची तारीख खाणीच्या तोंडाशी, हजेरी लागते तिथे, मराठीत आणि कामगारांना समजणाऱ्या इतर भाषांत रोज लावावी. आपण कोणत्या भरवशावर खाली उतरतो हे जाणण्याचा उतरणाऱ्याला हक्क आहे. वायूच्या नोंदी आपोआप पृष्ठभागावर जाव्यात, त्या कोणालाही पुसता येऊ नयेत, आणि त्या महासंचालनालयाबरोबरच खाणीची सुरक्षा समिती व कामगार-निरीक्षक यांनाही त्याच क्षणी दिसाव्यात. धोका दिसताच वीज तोडण्याचा अधिकार प्रत्येक वीजतंत्र्याला, तो कायम असो वा ठेक्याचा, निर्विवाद मिळावा, आणि त्याने वीज तोडली म्हणून ज्याने त्याची रोजी तोडली त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा. आणि संवेदक वा संरक्षक रिले जाणूनबुजून निकामी करणे किंवा करवणे हा, स्फोट होवो अथवा न होवो, स्वतंत्र गंभीर गुन्हा ठरावा, ज्यात दंड भरून सुटण्याचा पर्याय नसेल आणि ज्याची साखळी आज्ञा देणाऱ्यापर्यंत पोहोचेल.

यांत अशक्य असे काय आहे? एकही मागणी शास्त्राच्या पलीकडची नाही, एकही यंत्र नव्याने शोधून काढायचे नाही, आणि यांपैकी पुष्कळ गोष्टींची तत्त्वे आपल्याच नियमांत आज लिहिलेली आहेत. पैशाची सबब आम्ही ऐकून घेणार नाही. कोळशाच्या प्रत्येक टनावर राज्याचा हक्क आहे, केंद्राचा कर आहे, मालकाचा नफा आहे, मग त्या टनावर कामगाराच्या जिवाचाही एक निश्चित वाटा असलाच पाहिजे आणि तो आधी वळता झाला पाहिजे. वेळेची सबबही ऐकून घेणार नाही. सेंगेनिड्डच्या मालकांनीही मुदतच मागून घेतली होती. सरकारने पुढच्या अधिवेशनात या मागण्यांवर उत्तर द्यावे. खाणमालकांनी, ते सरकारी असोत की खासगी, आपल्या प्रत्येक भूमिगत खाणीत किती संवेदक आहेत, त्यांतले किती चालू आहेत आणि ते शेवटचे कधी तपासले हे जनतेपुढे मांडावे. विदर्भातल्या प्रत्येक आमदार-खासदाराने हे आकडे मागावेत, आणि जो मागणार नाही त्याला मतदारांनी गावाच्या वेशीवर थांबवून कारण विचारावे.

यापुढे भूमिगत खाणीत वायूने किंवा विजेने एक माणूस मेला, तर त्याच्या कपाळावरची रेघ कोणी वाचायची नाही. तपासणीची वही मागवायची, निविदेची फाईल मागवायची, आणि जम्पर लावा म्हणणाऱ्याचे नाव मागवायचे. ते नाव सापडते. सापडले की त्याला शिक्षा झालीच पाहिजे.